पुढे चढताना गचका, मागे चढताना नाही: भांडुपच्या एका गॅरेजचे परीक्षण

भांडुप पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत पत्र्याची शेड आणि तिच्यापुढे दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा, असे एक गॅरेज आहे. त्याला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. ओळखीचे लोक त्याला ‘काकांचे गॅरेज’ म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे. येथे इंजिन उतरवून मिळत नाही, डेंटिंग-पेंटिंग होत नाही, गाडी धुऊनही मिळत नाही. येथे काम एकच होते, ते म्हणजे गाडीच्या वायरिंगमधला आणि सेन्सरमधला बिघाड शोधून काढणे. माझ्या गाडीच्या इंजिनाला मध्येच बसणारा आणि मेकॅनिकपुढे हमखास गायब होणारा गचका त्यांनी शोधून काढला. त्या कामाचे हे परीक्षण असून त्यात त्यांची एक चूक आणि मला झालेला त्रास हेही लिहिले आहे.

गाडी डिझेलवरची, कॉमन रेल इंजिनाची (म्हणजे ‘रेल’ या समाईक नळीत प्रचंड दाबाखाली ठेवलेले डिझेल इंजेक्टरांना देणाऱ्या) आणि लो रेशो (वेग कमी करून ओढ वाढवणारा जादा गिअर) असलेली फोर बाय फोर आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शेवटी जो दोष निघाला तो कंपनीने दिलेल्या गाडीत नव्हता, मी हौसेने तिच्यावर चढवलेल्या सामानात होता. मी मुलुंडला राहतो. आठवड्याचे पाच दिवस ही गाडी पूर्व द्रुतगती महामार्गावर रांगते आणि महिन्यातून एखाद्या रविवारी कर्जत किंवा मुरबाडच्या बाजूला कच्च्या वाटांवर जाते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत मुरबाडकडच्या एका दगडी चढावर लो रेशोत, पहिल्या गिअरमध्ये असताना इंजिनाने अर्ध्या सेकंदापुरता दम सोडला आणि लगेच परत घेतला. डिझेलमध्ये कचरा आला असावा, असे समजून मी दुर्लक्ष केले. पुढच्या दोन आठवड्यांत तोच गचका आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगचा रॅम्प चढताना तीनदा बसला. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने जाताना मात्र तो एकदाही जाणवला नाही. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा यातल्या फक्त एका वेळी लागला आणि दुसऱ्या दिवशी आपोआप विझला.

काकांकडे पोहोचण्याआधी मी काय काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढच्या खर्चाला अर्थ राहत नाही. एका अधिकृत सेवा केंद्रात आधी डिझेल फिल्टर बदलला आणि टाकी साफ केली. त्याचे ४,३०० रुपये झाले. गचका कायम राहिल्यावर तेथेच स्कॅनर लावला, त्यात पी ०१९२ हा कोड निघाला आणि रेल प्रेशर सेन्सर बदलून ६,९०० रुपयांचे बिल हातात आले. तिसऱ्या खेपेस क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरते ते कळवणारा) ‘कदाचित’ म्हणून बदलला, त्याचे ३,७०० रुपये. चौथ्या खेपेस, एव्हाना आमच्या ऑफ-रोडिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरील प्रत्येकाने ‘नोझल’ (म्हणजे इंजेक्टर) असे एकमुखाने निदान केले असल्याने, मी स्वतःच मागणी करून इंजेक्टर साफ करून घेतले आणि ६,५०० रुपये भरले. एकूण २१,४०० रुपये गेले आणि गचका जिथे होता तिथेच राहिला. सेवा केंद्रातील मंडळी उद्धट नव्हती की लबाडही नव्हती. गाडी त्यांच्या आवारात कधी गचकलीच नाही आणि जे गचकत नाही ते शोधायला त्यांच्या जॉब कार्डावर रकाना नव्हता, इतकेच.

काकांनी पहिल्या भेटीत बोनेट उघडले नाही. त्यांनी प्रश्न विचारले आणि त्यातले निम्मे असे होते की, रोज गाडी चालवणाऱ्या माणसाला त्यांची उत्तरे आली पाहिजेत. मला आली नाहीत. गचका बसतो तेव्हा आरपीएमचा काटा झटकन शून्याकडे पडतो की इंजिनाबरोबर सावकाश खाली येतो? एसी चालू असतो की बंद? टाकी किती भरलेली असते? इंजिन गार असताना बसतो की तापल्यावर? गाडी कोणत्या अंगाला कललेली असते? काट्याचा प्रश्न उगाच नव्हता. क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला, तर बहुतेक गाड्यांत आरपीएमचा काटाही त्याच क्षणी कोसळतो, कारण त्याला वेग त्याच सेन्सरकडून कळतो. काटा जागेवर राहून नुसती ओढ गेली, तर शोध दुसरीकडे न्यावा लागतो. मी क्रँक सेन्सरवर ३,७०० रुपये घालवण्यापूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर बरे झाले असते.

‘एक वही करा साहेब, आणि आठवडाभर लिहून मग या,’ एवढे सांगून त्यांनी मला परत पाठवले. मला त्या वेळी राग आला. मुलुंडहून भांडुपला गर्दीत जाऊन हात हलवत परत यायचे आणि वर गृहपाठ घेऊन यायचे, हे कोणाला आवडेल? तरी वही केली. पुतण्याला शेजारच्या सीटवर बसवून त्याच्या मोबाइलवर मीटरचे चित्रीकरण करायला लावले आणि काटा पडत नाही हे पहिल्याच संध्याकाळी कळले. आठ दिवसांत सात गचके नोंदवले गेले. त्यातले सहा तळघराच्या रॅम्पवर होते आणि एक ऐरोली पुलाच्या चढावर, पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केल्यामुळे दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावावा लागला तेव्हाचा. एके दिवशी रॅम्पच्या तोंडाशी कोणाची तरी गाडी आडवी असल्याने मी रिव्हर्समध्ये तोच रॅम्प चढलो होतो. काहीतरी लिहायचे म्हणून त्या दिवसापुढे मी ‘रिव्हर्समध्ये चढलो, गचका नाही’ असे लिहून ठेवले होते.

काकांनी वही चाळताना ती ओळ दोनदा वाचली आणि बोट तिथेच ठेवून शेडमधल्या पोराला ‘डिझेलचे काही नाही, स्कॅनर आण,’ एवढेच म्हटले. त्या क्षणी मला त्यातले काही कळले नाही, पण पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली त्या ओळीत होती, म्हणून तिचा उलगडा येथेच करतो. इंजिन आणि गिअरबॉक्स हे चासीवर रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असतात. चाकांना ओढ देताना इंजिन स्वतः उलट बाजूला पीळ खाते आणि माउंटिंगच्या रबरावर एका अंगाला कलते. ओढ जितकी मोठी तितका कल मोठा, आणि लो रेशोत किंवा पहिल्या गिअरमध्ये ही ओढ सर्वांत जास्त असते. महामार्गावर वरच्या गिअरमध्ये ती फारच कमी असते. रिव्हर्समध्ये प्रॉपेलर शाफ्ट उलटा फिरतो, त्यामुळे हा पीळही उलट बसतो आणि इंजिन दुसऱ्या अंगाला कलते. म्हणजे पुढे चढताना गचका बसतो आणि तेवढाच जोर लावून मागे चढताना बसत नाही, याचा अर्थ बिघाडाचा संबंध इंजिन एका विशिष्ट बाजूला कलण्याशी आहे. डिझेल कमी पोहोचत असते, तर पुढे काय आणि मागे काय, गाडी सारखीच गचकली असती.

तरीही त्यांनी डिझेलची बाजू तपासून बाद केली आणि ती पद्धत सांगण्यासारखी आहे. फिल्टर आणि हाय प्रेशर पंप यांच्यामधल्या कमी दाबाच्या पाइपात त्यांनी हातभर पारदर्शक नळी बसवली आणि वीस मिनिटे इंजिन कमी-जास्त करत नळीतून जाणारे डिझेल पाहिले. बुडबुडे दिसले असते, तर कुठून तरी हवा ओढली जात आहे, असे ठरले असते. एकही दिसला नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका मित्राने, त्याच्या वडिलांच्या जुन्या जीपच्या आठवणीवर, चालू इंजिनात एकेका नोझलचा नट सैल करून कोणता सिलिंडर मार खातो आहे ते पाहायचे सुचवले. काकांनी त्याला अक्षरशः हात धरून मागे ओढले. जुन्या इंजिनात ती रीत चालत होती, पण कॉमन रेलमध्ये नुसते आयडलिंगला असतानाही दाब २५० ते ३५० बारच्या घरात असतो आणि जोरात १,६०० बारपर्यंत किंवा त्याहून वर जातो. त्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत शिरते. शेडमध्ये कोणी परका माणूस बोनेटखाली हात घालू लागला की, ते एरवीही असेच चिडतात, असे त्यांच्या पोराने नंतर सांगितले.

मग रॅम्पवर गाडी नेऊन नोंद घेतली. माझ्याकडे गाडीतल्या सोळा पिनांच्या ओबीडी (बिघाडाची माहिती वाचायच्या) सॉकेटात खुपसायचे, ब्लूटूथवर चालणारे हजार-बाराशे रुपयांचे उपकरण आहे. मी त्यावर एकाच वेळी पंधरा-सोळा आकडे लावून ठेवत असे आणि मग त्यात काहीच दिसत नसे. काकांनी त्याची उपयुक्तता नाकारली नाही, पण अशा उपकरणाला एका सेकंदात मोजकेच आकडे विचारता येतात आणि पंधरा आकडे मागितले की, प्रत्येकाची पाळी येईपर्यंत अर्ध्या सेकंदाचा गचका निघून गेलेला असतो, हे त्यांनी मला दाखवून दिले. त्यांच्या मोठ्या स्कॅनरवर त्यांनी चारच गोष्टी घेतल्या: आरपीएम, रेल प्रेशर सेन्सरचा व्होल्टेज, टर्बोच्या बूस्ट सेन्सरचा (टर्बो इंजिनात रेटत असलेल्या हवेचा दाब मोजणाऱ्या) व्होल्टेज आणि ॲक्सिलरेटर पेडलची स्थिती. चौथ्या फेरीला गचका बसला. नोंदीत एकाच ओळीवर रेल प्रेशर आणि बूस्ट हे दोन्ही आकडे तळाला गेले होते आणि पुढच्या दोन ओळींत परत जागेवर आले होते. पेडल आणि आरपीएम जिथल्या तिथे.

रेलमधला खरा दाब एवढ्या वेळात पूर्ण नाहीसा होऊन परत भरू शकत नाही आणि त्याच क्षणी टर्बोचा दाबही योगायोगाने नाहीसा होत नाही. खोटे बोलत होते ते सेन्सर, आणि दोन सेन्सर एकाच वेळी खोटे बोलतात तेव्हा दोघांना समाईक असलेले काहीतरी बिघडलेले असते. या सेन्सरांना गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, ५ व्होल्टचा नेमका पुरवठा करतो आणि पुष्कळदा एकाच वायरीवरून तो अनेक सेन्सरांना वाटला जातो. ती वायर वाटेत कुठे अर्थला, म्हणजे गाडीच्या उघड्या धातूला, टेकली की, त्या शाखेवरचे सगळे सेन्सर एकदम मुके होतात. सेवा केंद्रात निघालेल्या पी ०१९२ या कोडचा अर्थही ‘रेल प्रेशर सेन्सरच्या सर्किटमधला व्होल्टेज कमी’ असा आहे. त्यात ‘सर्किट’ हा शब्द आहे, ‘सेन्सर खराब’ असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. वाचणाऱ्याने तो शब्द गाळला आणि माझे ६,९०० रुपये गेले. दिवा क्वचितच का लागला, याचेही उत्तर येथेच मिळाले: बिघाड ठरावीक वेळ टिकला तरच ईसीयू त्याची पक्की नोंद करतो आणि माझा गचका बहुतेक वेळा त्या मर्यादेच्या आतच संपत होता.

यानंतर काकांची चूक झाली. सेन्सरच्या पुरवठ्याचा प्रश्न आहे म्हटल्यावर त्यांना मेन रिलेचा (ईसीयूकडे वीज सोडणाऱ्या मुख्य विद्युत-स्विचचा) संशय आला. त्यांनी तो हॉर्नच्या रिलेशी अदलाबदल करून पाहिला, फ्यूज बॉक्स पूर्ण उतरवला आणि त्यात अर्धा दिवस गेला. रिले खराब असता, तर पेडलच्या नोंदीवरही परिणाम दिसायला हवा होता, हे त्यांच्याच मागाहून लक्षात आले. त्यांनी ते कबूल केले आणि तो अर्धा दिवस बिलात धरला नाही. मला हे विशेष वाटले, कारण आजवर माझ्या गाडीवर वाया गेलेल्या वेळाचे पैसे नेहमी मीच दिलेले आहेत.

त्या फ्यूज बॉक्सच्या उचकाउचकीत एक गोष्ट मात्र सापडली. बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाला जाणारी अर्थिंगची पट्टी नट-बोल्टाशी पांढुरकी पडली होती. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यात मल्टिमीटरवर सुमारे ०.२ व्होल्टच्या वर फरक दिसू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. माझ्या गाडीत तो ०.४ होता. पट्टी बदलली. गचक्याशी तिचा संबंध नव्हता, पण ती पुढेमागे दुसरे दुखणे घेऊन आलीच असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जे केले ते मी जवळ उभे राहून पाहिले. बूस्ट सेन्सरच्या कनेक्टरमागे ५ व्होल्टच्या वायरीला बारीक सुई टोचून त्यांनी छोटा, हातात मावणारा ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची रेघ क्षणाक्षणाला पडद्यावर काढणारे उपकरण) जोडला. मल्टिमीटर का नाही, असे मी विचारले. त्यांनी सांगितले की, साध्या मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो आणि मधली घसरण तो गिळून टाकतो. पडद्यावर ५ व्होल्टची सरळ, निवांत रेघ होती. इग्निशन चालू ठेवून, पण इंजिन बंद ठेवून, त्यांनी पोराला इंजिन आणि चासी यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून पहारीने इंजिन हळूहळू एका अंगाला रेटायला सांगितले. बोटभर इंजिन कलले असेल नसेल, तोच ती रेघ काड्कन तळाला गेली. पोराने पहार सैल केली. रेघ वर आली. परत रेटली, परत तळाला. दुसऱ्या अंगाला कितीही रेटले, तरी रेघ हलली नाही. अडीच महिने जो गचका मला हुलकावणी देत होता, तो आता एका पोराच्या हातात पहारीच्या टोकाशी हवा तेव्हा येत-जात होता.

पुढचे काम सोपे होते. वायरिंगचा जुडगा जिथे इंजिनाच्या मागच्या बाजूने फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे) वळतो, तिथे एक लोखंडी ब्रॅकेट होती. मी दीड वर्षापूर्वी जादा दिवे बसवून घेतले, तेव्हा त्यांच्या रिलेसाठी एका ॲक्सेसरीच्या दुकानाने ती ठोकली होती आणि जागा करण्यासाठी मूळ जुडगा क्लिपमधून काढून तिच्यामागून ओढून घेतला होता. ब्रॅकेटची कड घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. तिच्यासमोर वायरीवरच्या नालीदार पाइपाला भोक पडले होते आणि आत तांदळाच्या दाण्याएवढी तांब्याची तार उघडी होती, तीही हिरवी पडलेली. काकांनी तरुणपणी भाऊच्या धक्क्यावर ट्रॉलरच्या इंजिनांची वायरिंग केलेली आहे. ‘मुंबईत तांबे उघडे राहिले की, खारी हवा ते आतून खात जाते,’ असे म्हणून त्यांनी वायरीचे आवरण पुढे कापत नेले, तेव्हा त्या दाण्यापासून चार बोटे लांबपर्यंत तार काळपट-हिरवी निघाली. तेवढा सगळा तुकडा कापून त्याच जाडीची नवी वायर घातली. शेजारच्या दोन वायरींचे आवरण खरवडले होते, म्हणून त्यांनाही नवे तुकडे जोडले आणि तिन्ही सांधे एकासमोर एक न येता मागे-पुढे ठेवले. प्रत्येक सांध्यावर आतून गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी नळी चढवली आणि वरून साध्या काळ्या चिकटपट्टीऐवजी कापडी टेप गुंडाळली. जुडगा मूळच्या क्लिपमध्ये परत नेला आणि इंजिन हलले तरी ताण बसू नये एवढी ढील ठेवली.

येथे मी थांबू इच्छित होतो, कारण गचका सापडला होता. काकांनी मात्र त्या बाजूचे इंजिन माउंटिंग बदलल्याशिवाय गाडी द्यायला नकार दिला. रबर बसले होते, म्हणून इंजिन गरजेपेक्षा जास्त कलत होते. माउंटिंग तसेच राहिले, तर आज ही ब्रॅकेट आहे, उद्या दुसरे काहीतरी घासेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पटले, पण आधी विचारले असते तर अधिक पटले असते: त्यांनी सुटा भाग कुर्ल्याहून मागवून मगच मला सांगितले. ही त्यांची खोड आहे आणि ती सगळ्यांना चालणार नाही.

बिल असे झाले: शोधाचे सात तास, तासाला ६०० रुपयांप्रमाणे ४,२०० रुपये; वायरिंगची दुरुस्ती १,८०० रुपये; माउंटिंग २,६५० रुपये आणि ते बसवण्याची मजुरी ९०० रुपये; अर्थिंगची पट्टी ३५० रुपये. एकूण ९,९०० रुपये. यातला पहिला आकडा पाहून अनेकांच्या भुवया वर जातील, कारण आपल्याकडे गॅरेजमध्ये पैसे द्यायचे ते बदललेल्या भागाचे, शोधण्याचे नव्हेत, अशी समजूत आहे. माझीही तशीच होती, आणि म्हणूनच मी आधी तीन चांगले भाग बदलून आणि इंजेक्टर साफ करून बसलो होतो. शोधाला तासाचा दर असला की, मेकॅनिकला भाग विकण्याची घाई नसते. तरीही तासांना वरची मर्यादा आधी ठरवून घ्यावी. मी आठ तासांची ठरवली होती आणि ती त्यांनी खळखळ न करता मान्य केली.

गैरसोयी पुष्कळ आहेत. वही दाखवल्यानंतर मला अकरा दिवसांनी नंबर मिळाला आणि गाडी चार दिवस तिथे राहिली. त्या काळात फोन उचलला जाईल याची खात्री नसते; संध्याकाळी सातनंतर प्रत्यक्ष गेले तरच काय चालले आहे ते कळते. बसायला एक प्लॅस्टिकचा स्टूल आहे आणि त्यावर बहुधा मल्टिमीटर बसलेला असतो. बिल हाताने लिहिलेले असते आणि जीएसटीशिवाय, त्यामुळे कार्यालयाकडून खर्च मिळवणाऱ्यांनी विचार करून जावे. माझ्या सीटवर ग्रीसचा एक हात उमटला, तो अजून गेलेला नाही. शिवाय इंजेक्टर, हाय प्रेशर पंप किंवा टर्बोच्या आतले काम असेल, तर काका ते करत नाहीत. दोष तिथे आहे एवढे ठरवून ते गाडी दुसरीकडे पाठवतात. ज्याला सकाळी गाडी देऊन संध्याकाळी परत हवी आहे, त्याने तिथे जाऊच नये.

काम मे महिन्यात झाले. त्यानंतर गाडी सुमारे ३,८०० किलोमीटर चालली आहे. त्यात सबंध पावसाळा आला, दोनदा गुडघाभर पाण्यातून जाणे आले, आणि मुरबाडचा तोच दगडी चढ मी मुद्दाम लो रेशोत, पहिल्या गिअरमध्ये तीन वेळा चढून पाहिला. गचका बसला नाही. जादा दिवे आता नव्या जागी, बॅटरीच्या बाजूला आहेत. जुनी ब्रॅकेट काकांनी काढून मला दिली, ती घेऊन मी त्या ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तिची घासलेली कड उलटसुलट पाहिली, ‘असे सगळ्यांच्यातच बसवतो,’ असे म्हणून ती परत केली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. जादा दिवे, विंच किंवा दुसरी बॅटरी बसवून घेतलेल्या ज्या कोणाच्या गाडीला असे अधूनमधून काही होत असेल, त्याने मूळ वायरिंगचा जुडगा क्लिपमधून निघालेला तर नाही ना, एवढे टॉर्च घेऊन आधी स्वतः पाहावे. त्याला पैसे पडत नाहीत.

काकांकडे जायचे असेल, तर सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहाच्या सुमारास जावे. गाडीत आजवर काय काय बदलले त्याची सगळी बिले आणि जादा सामान कोणी, कधी बसवले त्याची तारीख बरोबर ठेवावी. आणि वही भरून न्यावी. माझ्यासमोर त्यांनी दोन जणांना कोरी वही पाहून परत पाठवले, त्यातला एक ठाण्याहून आला होता.